तिसऱ्या हाकेची वाट

बसा रे सगळे. त्या कंदिलाची वात जरा बारीक करा, रॉकेल काय झाडाला लागत नाही. उद्या पहाटे दौंडला भरतीला निघालात, पळून पळून पायाचे तुकडे पाडून घेतलेत, आणि आता झोपायच्या वेळी म्हणे आसारामनाना, गोष्ट सांगा. सांगतो. पण ऐकून कुणी भरतीला जायचं रद्द केलं, तर तुमच्या बापांनी माझ्या दारात येऊन बोंबलायचं नाही. मी पोलिसात उभी हयात घालवली, जमादार होऊन घरी आलो. नोकरीनं मला वाईट काही दाखवलं नाही. ज्याला दाखवलं त्याची ही गोष्ट. त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलेली. खोटी वाटली तर हसा खुशाल, फक्त रात्री एकट्यानं लघवीला उठायचं असेल तर मला उठवू नका.

तुमच्यासारखाच याच अंगणात पळायला यायचा तो. नाव गोरक्ष. काष्टीच्या पलीकडं पाटाच्या कडेला वस्ती. घरात दोनच माणसं, तो आणि त्याची आई रतनबाई. बाप लहानपणीच गेलेला. पोर अंगानं काटक, पण उजवीकडं कलून उभं राहायची खोड. सावधान म्हटलं की सगळा भार उजव्या टाचेवर. किती ओरडलो मी त्याच्यावर! तरी राखीव पोलिसात घेतला त्याला.

तर परवाच्या दुष्काळातली पौष महिन्यातली अवस. दुसऱ्या दिवशी काष्टीचा बाजार. गोरक्षला त्या दिवशी नोकरीत कायम झाल्याचा हुकूम मिळाला होता. त्यानं रजा काढली, आईसाठी एक लुगडं घेतलं, पावशेर पेढे घेतले, आणि रात्रीची पॅसेंजर धरून काष्टीला उतरला. रतनबाई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. हाताची सालटं निघालेली. उद्यापासून आईला हातोडी धरू द्यायची नाही, एवढंच पोराच्या मनात. स्टेशनातून बाहेर पडला, पेढ्याची पुडी सदऱ्याच्या आत घातली, लुगडं काखेत मारलं आणि वस्तीची वाट धरली.

आनंदाचीच गोष्ट आहे ना? होती. पण त्या हुकमाच्या खाली एक माणूस पुरलेला होता, तो आधी सांगितला पाहिजे.

महिन्यापूर्वी गोरक्ष तिसगावच्या बाजूला एका धान्याच्या गोदामावर पहाऱ्याला होता. दुष्काळात बाहेरून आलेला तांबडा मिलो, ती परदेशी ज्वारी, तिथं साठवलेली. मागं एकदा गोदाम फोडलेलं, म्हणून कडक बंदोबस्त. आता पहाऱ्याची रीत ऐका, उद्या तुम्हालाही शिकवतील. अंधारात कुणी आलं की पहारेकऱ्यानं ओरडायचं, 'थाम! हुकुमदार!' हा हुकुमदार म्हणजे कुणी सरदार नाही बरं. गोरा साहेब त्याच्या भाषेत 'कोण येतंय तिकडं' असं ओरडायचा, ते आपल्या शिपायांच्या जिभेवर घासून घासून हुकुमदार झालं. येणाऱ्यानं म्हणायचं, 'दोस्त'. नाही म्हटलं तर दुसरी हाक. मग तिसरी. तिसरीलाही ओ आली नाही, तरच गोळी. त्याच्याआधी नाही.

त्या मार्गशीर्षातल्या अवसेला गोरक्ष पहाऱ्यावर एकटा उभा. थंडीनं दातखीळ बसायची वेळ. समोरून एक आकृती चालत आली. डोकं टोकदार, अंग पसरट, माणसासारखं दिसेना. पोरगा ओरडला, 'थाम! हुकुमदार!' आकृती जागच्या जागी थांबली. ओ नाही. पुन्हा ओरडला. तरी ओ नाही. हलणं नाही, पळणं नाही, नुसतं उभं. गोरक्षचा धीर सुटला. बोट दाबलं गेलं.

जवळ जाऊन बघतो तर म्हातारा माणूस. थंडीसाठी गोणपाटाची खोळ करून डोक्यावरनं घेतलेली. बन्सी नाव. शेजारच्या वाडीतला. त्याची गाय गुरांच्या छावणीत बांधलेली, व्यायला झाली होती, म्हणून रात्रीचा बघायला निघालेला. पोटात गोळी. गोरक्षनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तर म्हातारा त्याला दटावल्यासारखा म्हणाला, "थांबलो हुतो की रं बाबा. तिसरी हाक दिलीच न्हाईस तू."

कळलं का रे?  आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठावं असतं, रात्री हाक आली की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. नसतं ते ओळखीचा आवाज काढतं, पण तिसरी हाक त्याला मारता येत नाही. तिसरी आली म्हणजे माणूस. पहिल्याच हाकेला ओ दिली, की ओ देणारा त्याच्या मागं गेलाच म्हणून समजा. अवसेची रात्र, अंधारातनं कुणीतरी 'हुकुमदार' असं भलतंच ओरडतंय. बन्सीनं त्याच्या आईनं शिकवलेलं केलं. तिसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिला. आणि गोरक्षला रतनबाईनं हेच शिकवलेलं होतं! त्याला त्या घडीला आठवलं नाही, एवढंच.

बन्सी तिथंच गेला. श्रीमंत नावाचा हवालदार गार्डावर होता, तो खाटेवरनं उठून आला.

"किती हाका दिल्यास?"

"दोन."

"तीन."

"हवालदार, दोनच दिल्या. मला..."

"तीन दिल्यास. मी जागाच हुतो, म्या ऐकल्या. कायम व्हायला महिना राहिलाय तुजा. दोन म्हणशील तर तुरुंगात जाशील, न्हाई तर आईशेजारी बसून खडी फोडशील. बोल किती?"

गोरक्षनं मेलेल्या माणसाकडं बघितलं. "तीन," म्हणाला.

साहेबांपुढंही तीनच म्हणाला. मग पुढचं सगळं आपोआप झालं. रिकामं गोणपाट सापडलं, म्हणजे माणूस धान्य चोरायला आला. तीन हाकांना ओ दिली नाही, म्हणजे चोरच. बन्सीची बायको मालनबाई गोदामासमोर बसून राहिली होती. येईल त्याला एकच सांगायची, "माजा मालक गाय बगाया गेल्ता. चोर न्हवता तो." कोण ऐकतंय? कामावरच्या बायकांनी तिला आपल्या घोळक्यात बसू देणं बंद केलं. चोराची बायको म्हणायच्या तिला. आणि गोरक्षला शाबासकी मिळाली, मागोमाग हुकूम मिळाला. आता कळलं तुम्हाला, पेढे कशाचे होते ते.

तर पोरगा वस्तीची वाट चालतोय. पाट कोरडा ठणठणीत. दोन्ही अंगांना दुष्काळी कामावरच्या खडीचे ढीग. ऊस जळून गेलेला, त्यामुळं पाचटाचीसुद्धा सळसळ नाही. कुत्रं नाही, टिटवी नाही. आईनं भाकरी ठेवली असेल का, लुगड्याचा रंग तिला आवडेल का, असं काहीबाही मनात घोळवत तो अर्ध्या वाटेवर आला.

"थाम."

अंधारातनं. समोरून.

गोरक्ष थांबला. शिपाईगडी, पाय आधी थांबले, डोकं मागनं.

"हुकुमदार."

त्याच्या तोंडात 'दोस्त' आलाच होता. जीभ उचलली होती त्यानं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, या वाटेवर पहारा कसला? इथं गोदाम नाही, खजिना नाही. नुसती खडी. खडीला कोण बंदूक घेऊन बसतंय?

आवाज ओळखीचा होता. पण कुणाचा, ते कळेना. पोरांनो, आपलाच आवाज बाहेरनं आला तर माणसाला चटकन ओळखू येतो का? त्याला थोड्या वेळानं ओळखू आला.

ओ द्यावी तर आईची शिकवण आडवी. न द्यावी तर... न दिल्यावर काय होतं, ते त्यानं स्वतःच्या हातानं करून बघितलं होतं. बन्सी जसा उभा होता, तसाच आता तो उभा.

"थाम... हुकुमदार."

दुसरी.

मग काही नाही. नुसतं गप्प. पण रिकामं गप्प नाही. कुणीतरी ऐकत थांबल्यासारखं. वाट बघत असल्यासारखं.

तू हसू नकोस गहिन्या. तो मला काय म्हणाला ते ऐक. म्हणाला, "नाना, मला ठावं हुतं काय बोलायचं ते. दोस्त न्हाई. एकच शब्द पायजे हुता त्याला. 'दोन.' एवढंच म्हणलो असतो तर सुटलो असतो, हे मला दिवसासारखं सोच्छ दिसत हुतं."

मग म्हटला का नाहीस, मी विचारलं.

म्हणाला, "खिशात हुकूम हुता. वाटलं, हितं एकदा बोललो की मग सगळीकडं बोलावं लागंल. आईची हातोडी सुटायची न्हाई."

गप्प राहिला तो. पेढ्याची पुडी छातीशी आवळून.

बराच वेळ गेला. मग समोर कुणीतरी... श्वास सोडला. दमलेल्या म्हाताऱ्या माणसानं सोडावा तसा. खडी कुरकुरली. कुणीतरी चालायला लागलं. त्याच्याकडं नाही. उलट दिशेला.

त्याच्या वस्तीकडं.

गोरक्ष पळाला. लुगडं काखेतनं पडलं, उचललं, पुन्हा पळाला. वाटेत कुणी दिसलं नाही. वस्तीवर आला, तर दार सताड उघडं. उंबऱ्यात दिवा. दिव्यापाशी रतनबाई बसलेली, हसत.

"आलास? आरं कुटं गेल्तास मदीच?"

"आत्ताच येतोय की आये."

"आत्ता? मगाशी हाक मारलीस ती? 'आये' म्हनून?"



"म्या न्हाई मारली."

"मारलीस की. मला काय ऐकू येत न्हाई व्हय?"

"आये... किती बारी मारली?"

"कुनाला ठावं. पयल्याच हाकेला ओ दिली म्या. दार उगडलं, तर तू न्हाईस."

"पयल्याच?" त्यानं उंबऱ्यातच बसकण मारली. "आये, तूच सांगायचीस की... तिसऱ्या हाकेबिगर..."

रतनबाईनं त्याच्या गालावरनं हात फिरवला. सालटं गेलेला खरबरीत हात. "ते दुसऱ्यांसाठी रं येड्या. पोटच्या पोराची हाक वळखाया तीनदा ऐकावी लागती व्हय?"

  तिनं भाकरी वाढली, त्याला गिळवेना. तिनं पेढा खाल्ला, अर्धा. हुकूम वाचून दाखव म्हणाली. त्यानं वाचला. ती नीट ऐकून म्हणाली, "सुटले बाई एकदाची." मग म्हणाली, थंडी वाजतीय. त्यानं घोंगडी घातली. तरी वाजतच होती. त्यानं नव्या लुगड्याची घडी मोडून तेही वरनं घातलं. तिचा हात हातात धरून बसून राहिला. मध्येच ती झोपेत म्हणाली, "ओ... आले." कुणाला म्हणाली? घरात तिसरं कुणी नव्हतं.

उजाडायच्या आत रतनबाई गेली.

तेरावं झाल्यावर गोरक्ष साहेबांपुढं उभा राहिला आणि दोन म्हणाला. नोकरी गेली, खटला उभा राहिला, तुरुंगात गेला तो. अजून आतच आहे. पण जायच्या आधी तो बन्सीच्या वाडीला गेला. चावडीसमोर माणसं गोळा करून मोठ्यानं सांगितलं, बन्सी चोर नव्हता, मी खोटं बोललो. मालनबाई तिथंच होती. लोकांना वाटलं ही आता त्याला दगड मारणार. तिनं फक्त विचारलं, "तुजी आई हाय का रं?" तो म्हणाला, गेली. ती म्हणाली, "मंग जा आता."  मी तुरुंगात भेटायला गेलो तेव्हा हे सगळं त्यानं मला सांगितलं. रडला नाही. रडला असता तर बरं वाटलं असतं मला.

चला, उठा आता. पहाटेची गाडी आहे.

काय म्हणालास? पोराच्या मनाचे खेळ? म्हातारी थंडीनं आणि उपासमारीनं गेली? मीही तेच म्हणत होतो रे. माणसं त्या दुष्काळात कशानंही मरत होती. पण मातीला मी गेलो होतो. सकाळी सगळ्यांच्या आधी पोचलो. दुष्काळात सडा टाकायला पाणी कुठलं? अंगणात बोटभर फुफाटा. त्यात दारासमोर, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, बुटांचे ठसे. पोलिसी बूट, तळाला खिळे मारलेले. टाचा जुळलेल्या, चवडे फाकलेले, सावधानमध्ये कुणी उभं राहावं तसे. मी गोरक्षच्या पायांकडं बघितलं, पायात वहाणा. बूट कॅम्पातल्या पेटीत कुलूपबंद होते, ते नंतर मीच जाऊन बघून आलो.

त्या ठशाजवळ मी खाली बसलो. उजवी टाच जास्त खोल रुतली होती. आणि त्या बुटांची आलेली पावलं कुठं नव्हती. गेलेलीही नव्हती. भर अंगणात बुटांचा तेवढाच एक जोड होता.