शुभेच्छुक कोण टाकायचं?

नंदू त्या फ्लेक्सच्या दुकानात शिरली ती खरं तर पाऊस चुकवायला. परतीचा पाऊस, आणि राजारामपुरीत असा आडवातिडवा की छत्रीच उलटी झाली. आत एक पोरगा कॉम्प्युटरवर कुणा भाऊंच्या मिशा काळ्या करत बसलेला. मान वर न करता म्हणाला,

"बोला ताई. वाढदिवस का निवड?"

"बोर्ड करायचाय." तेही खोटं नव्हतं. बोर्ड करायचा होताच, आज ना उद्या.

"फोटो कुनाचा?"

"फोटो नको."

आता मात्र त्यानं वर बघितलं. डोळे अगदी साधे होते, असं नंदूनं आम्हाला नंतर सांगितलं... पण त्या साध्या डोळ्यांबद्दल ती बराच वेळ बोलत होती.

"बरं. शुभेच्छुक कोण टाकायचं?"

"आवो, धंद्याचा बोर्ड हाय. त्यात कुठला शुभेच्छुक?"

"धंद्याला बी शुभेच्छा लागत्यातच की," तो शांतपणे म्हणाला. "नाव काय धंद्याचं?"

आणि इथंच तर घोडं पेंड खात होतं.

नंदू म्हणजे राजनंदिनी, गडमुडशिंगीची. कागलच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून तिला बायकांना स्कूटर शिकवायची होती. शेजारच्या बयाबाईंना गावच्या माळावर शिकवून झालं होतं, त्यांच्या मागनं गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या होत्या. पण तिच्या वडलांना, आण्णांना, हे खूळ वाटत होतं. दसऱ्याला माळावर बोर्ड लागला तर धंदा कर, नाहीतर सुपरवायझरशी बोलून ठेवलंय, दिवाळी झाली की परत कागल... एवढं बोलून ते म्हशीच्या धारा काढायला गेले. आण्णा एकदा बोलले की विषय संपला. आणि नंदूला बिनखिडकीच्या त्या शेडमध्ये परत जायचं नव्हतं. मेलं तरी नव्हतं.

तर नाव. त्या पोराचं स्वतःचं नाव होतं धैर्यशील. तो म्हणाला, आता नावं डोक्यानं काढायचे दिवस गेले, नेटवरच मिळतात. खुर्ची सरकवून त्यानं तिला शेजारी बसवलं आणि टाइप केलं, महिला, स्कूटर, कोल्हापूर. चक्र फिरलं आणि नावं आली. स्कूटोरा. राइडिफाय. लेडीलिशियस व्हील्स.

"स्कूटोरा चांगलंय," तो म्हणाला. "खोकल्याचं औषध वाटतंय, पण चांगलंय."

नंदूनं कपाळाला हात लावला. दुसरी साइट काढली. त्या साइटनं आधी ईमेल मागितला, मग मोबाईल नंबर, मग रस्त्यातली सगळी सिग्नलची चित्रं ओळखायला लावली आणि शेवटी नाव दिलं, 'राइडिफाय प्रो'.

मग एआयला विचारलं. ते भारीच अदबीनं बोलायला लागलं. तुमच्या स्वप्नांना पंख देणारी नावं देतो म्हणालं, आणि दिली काय, तर भरारी, नवी भरारी, उंच भरारी. आता भरारी नावाचा क्लास आहे, पतसंस्था आहे, परमिट रूमसुद्धा आहे, आणि तिन्ही बोर्ड धैर्यशीलनंच केलेले. नंदूनं दात-ओठ खात टाइप केलं की स्कूटर जमिनीवरनं चालते, उडायचं काही नको. एआयनं मनापासून माफी मागितली आणि नवीन नाव दिलं, 'भूमी भरारी'.

धैर्यशील टेबलावर डोकं ठेवून हसला. नंदू इतकी चिडली होती की तिलाही हसूच आलं.

मग काय, रोजचंच झालं. क्वचित एखादं नाव आवडायचं, तर इन्स्टावर ते ब्राझीलच्या कुठल्या तरी बाईनं आधीच घेतलेलं. नंदू वैतागून उठायची, पायरीपर्यंत जायची आणि चहा आला म्हणून परत बसायची. चहा नेमका तेव्हाच कसा येतो, हे तिला पुष्कळ दिवस कळलं नाही.

एकदा तिनं सहज विचारलं, तुझी गाडी कुठं लावतोस, बाहेर कधी दिसत नाही.

त्याचा माऊस उगाच इकडंतिकडं.

"...येत न्हाय मला."

"काय येत न्हाय?"

"गाडी."

कोल्हापूरचा पोरगा, आणि गाडी येत नाही. शाळेत असताना भर चौकात, वर्गातल्या पोरींसमोर पडला होता, तेव्हापासून त्यानं हँडलला हात लावला नव्हता. रोज बसनं यायचा. नंदू एवढी हसली की बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं. मग तिला त्याचा चेहरा दिसला, आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

"उद्या सकाळी माळावर ये," ती म्हणाली. "मी शिकवतो."

आला की. पहिली बस धरून आला. आणि गाडी अशी चालवली की काय सांगू! दोन्ही पाय जमिनीवर, नाव वल्हवल्यासारखे. मागं बसून ओरडून ओरडून नंदूचा घसा बसला. शिकणारा प्रत्येक माणूस पुढच्या चाकाकडं बघतो आणि म्हणूनच पडतो, हे ती बयाबाईंना ओरडून सांगायची, तेच याला.

"म्होरं बघ."

तो पुढं बघायचा. थोडा वेळ. मग मान हळूच आरशाकडं...

"आरशात काय हाय?"

"मागची गाडी बघतोय."

"मागं गाडीच न्हाय."

"व्हय," तो म्हणाला. "मागं तू हायस."

आणि गाडी सरळ बयाबाईंच्या शेणींच्या ढिगात.

बयाबाईंच्या शिव्या खात, कपड्यांना लागलेलं शेण झाडत असताना नंदूच्या लक्षात आलं, हा 'तू' म्हणाला. ताई कधी गळून पडलं, कळलंच नाही. तिनं कळल्याचं दाखवलंही नाही. नुसतीच अजून जोरात ओरडली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र सगळं फिसकटलं. संध्याकाळपर्यंत फाइल प्रिंटला जायची होती आणि नाव नव्हतं. धैर्यशीलनं तिला हसवायला म्हणून आणखी एक वाचून दाखवलं, 'क्वीनिफाय'. नंदू फटकन उठली.

"तुला मजा वाटतीय. मला दिवाळीनंतर त्या शेडमधी जायाचं हाय, तुला न्हाय. टाक काय टाकायचं ते."

"काय बी टाकू?"

"टाक."

आणि गेली. चहा आला तरी थांबली नाही. घरी जाऊन फोन बंद केला आणि म्हशींना इतक्या जोरात वैरण टाकली की आण्णांनी विचारलं, कुणावर काढतीयास?

सकाळी टेम्पो आला. स्कूटरला झेंडूचा हार घातलेला, गल्लीतल्या बायका नटून माळावर हजर. आण्णांनी स्वतः बोर्डावरचा कागद सोडवला. मोठी भगवी अक्षरं होती, 'म्होरं बघ'. खाली, 'बायकांसाठी स्कूटर शिकवणी, गडमुडशिंगी'.

जगातल्या सगळ्या साइट पालथ्या घातल्या, आणि नाव रोज तिच्याच तोंडात होतं.

मग तिची नजर खाली गेली.

खाली लिहिलं होतं, 'शुभेच्छुक'. आणि एकच फोटो. गॉगल लावून, हाताची घडी घालून... धैर्यशील.

आता आमच्याकडं शुभेच्छुकात पन्नास तोंडं असली तरी कुणी ढुंकून बघत नाही. पण पोरीच्या बोर्डावर एकटाच पोरगा म्हणजे अर्धी लग्नपत्रिकाच. बयाबाई शेजारणीच्या कानात म्हणाल्या, ठरलं वाटतं. सगळ्यांना ऐकू गेलं.

"ह्यो कोण?" आण्णांनी विचारलं.

नंदूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला. दुकानमालकाची गाडी, पाय वर, नजर समोर. धैर्यशील पहिल्यांदाच एकटा चालवत आला होता. बोर्ड दिसला आणि त्यानं दोन्ही पाय टेकून ब्रेक मारला.

तोंड पांढरंफटक. सांगायला लागला की नवीन फाइल केली की मापाला म्हणून तो आपलाच फोटो शुभेच्छुकात टाकतो, नंतर काढतो. काल गडबडीत काढायचा राहिला. हातच तसा बसलाय.

"म्हंजे चुकून," नंदू म्हणाली. आवाज तिला हवा होता तसा निघाला नाही.

त्यानं आण्णांकडं बघितलं, झेंडूकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"फोटो चुकून गेला," तो म्हणाला. "शुभेच्छा चुकून न्हाईत."

बयाबाईंनी शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"हे सांगायला बोर्ड लागतो व्हय रं?" नंदू भडकली. "तोंड न्हाय तुला?"

"हाय. पर तुझ्यासमोर चालत न्हाय. ...शिकव की."

आण्णांनी चष्मा पुसून बोर्ड पुन्हा वाचला. नाव तू काढलंस काय, विचारलं. धैर्यशील म्हणाला, न्हाय, ती ओरडती तेच लिवलं. आण्णा म्हणाले, म्हशींवर बी तेच ओरडती. मग बाजूला जाऊन त्यांनी सुपरवायझरला फोन लावला. पोरगी येत न्हाय, एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला.

जाताना धैर्यशीलनं हळूच विचारलं, फोटोवर स्टिकर लावू का? नंदू म्हणाली, राहू दे... पण पुढच्या वेळी तो गॉगल काढ, ध्यान दिसतंयस.

संध्याकाळी तो घरी सोनं द्यायला आला, आपट्याची पानं घामानं ओली झालेली. आण्णांनी ती घेतली आणि म्हणाले, जा, हिला दसरा चौकापतूर घेऊन जा, बघू पोरीनं काय शिकवलंय.

चौकाच्या अलीकडं सिग्नल लागला. गाडी थांबली. त्याची मान हळूच आरशाकडं वळली, आणि आरशात दोघांची नजर भेटली.

नंदूनं ओरडायला तोंड उघडलं... आणि मिटलं. सिग्नल हिरवा होईपर्यंत तीही आरशातच बघत राहिली.