एक वाजल्यानंतरचे पेशंट

"मान खाली घाल, रिंकू! दिसशील!"

"पण ताई, मावशी रिकाम्या स्टुलाला जीभ दाखवायला सांगतेय!"

"हळू बोल ना!"

आरोग्य उपकेंद्राच्या मागे पाण्याची टाकी होती. तिच्याआड तिघं दाटीवाटीनं बसले होते: बारा वर्षांची दिव्यानी, तिचा नऊ वर्षांचा भाऊ रिंकू आणि गावातला निकेश. दिवाळीच्या सुट्टीत ही भावंडं ऊर्जानगरहून चिमूरजवळच्या कोसमबोडीला आली होती, साधनामावशीकडे. मावशी इथली नर्स. तिचा दवाखाना एक वाजता बंद व्हायचा. पण गेले तीन दिवस एक वाजला की मावशी मागच्या ओसरीत जायची आणि कुणाशी तरी तासभर बोलत बसायची.

"मी सांगतलो होतो ना," निकेश कुजबुजला, "नर्सबाई एकट्याच बोलून राह्यल्या!"

"एकटी नाहीये," दिव्यानी म्हणाली. ती मघापासून पापणी न लववता बघत होती. "स्टुलाकडेच बघत राहा. नजर हलवू नका."

तिघंही बघत राहिले. हळूहळू स्टुलावर गवतासारखे केस असलेला, बांबूसारखा लांबलचक माणूस दिसायला लागला! त्याच्या एका डोळ्यावर हात होता आणि तो भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होता.

"प... फ... की घोडा?"

"घोडा नाही तिथे," मावशी शांतपणे म्हणाली. "चष्मा लागलाय तुम्हाला."

"तरीच! गेल्या आठवड्यात लोकांना रस्ता चुकवायला निघालो आणि स्वतःच तीन दिवस हरवलो, बाई!"

"चकवा!" निकेशचे डोळे विस्फारले. "जंगलात वाट भुलवते, तो चकवा!"

आणि नेमका तेव्हाच रिंकू शिंकला.

मावशीनं मानही वळवली नाही. "बाहेर या तिघंही. आणि आधी हात धुवा. साबणानं!"

हात धुऊन तिघं ओसरीत आले. चकव्यानं लाजून आपले गवताचे केस सारखे केले.

"मावशी, तुला भीती नाही वाटत?" रिंकूनं विचारलं. तो ताईच्या मागे होता, पण डोकं पुढे काढून.

"पहिल्यांदा वाटणार होती. पण याच्या पायात काटा मोडला होता, रक्त येत होतं. आधी पट्टी बांधली. ती होईपर्यंत दुसरा पेशंट आला. मग घाबरायचं राहूनच गेलं."

"बाकीच्यांना का दिसत नाहीत?"

"एकटक बघायला वेळ कुठे असतो मोठ्या माणसांना?" मावशी हसली. पण हसू लगेच मावळलं. ती कोपऱ्यातल्या मोठ्या घमेल्याजवळ जाऊन बसली.

घमेल्यात तलावाचं पाणी होतं आणि पाण्यात एक मुलगी होती. रिंकूएवढी. शेवाळासारखे हिरवे केस, अंगभर लाल चट्टे, ओठ सुकलेले.

"आसरा!" निकेश हळूच म्हणाला. तलावात सात बहिणी राहतात, त्या तलाव राखतात, हे गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. पण त्यातली एक आजारी पडू शकते, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मावशीच्या रजिस्टरमध्ये नोंद होती: *नाव: धाकटी. वय: तलावाएवढं. पत्ता: पाळीखाली. तक्रार: उलट्या, चक्कर, अंगावर चट्टे.*

"पाच दिवस झाले," मावशी म्हणाली. "अंगातलं पाणी कमी होतंय. ओआरएस द्यावं तर तोंड फिरवते. यांचा नियम कडक आहे. पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, दगडावर हळदकुंकू वाहून ठेवलेलंच घ्यायचं, दुसरं काही नाही. आणि वाहिलेलं नाकारायचं नाही."

"मग तू वाहा ना!"

"मी वाहून पाहिलं. चालत नाही. ज्या घरचं जाळं या तलावात पडतं, त्या घरच्या कर्त्या बाईनंच वाहावं लागतं. मी बदलीवर आलेली!"

धाकटीनं डोळे किलकिले केले. दिव्यानी तिच्याजवळ वाकली. रिंकूचं पोट बिघडलं की आई सगळ्यात आधी जे विचारते, तेच तिनं विचारलं.

"काल काय खाल्लंस गं?"

"वाहिलेलं," धाकटी पुटपुटली.

"म्हणजे काय काय?"

"लिंबू... लाह्या... कडू बिया."

"कसल्या बिया?"

"पांढऱ्या. कागदातल्या. खूप." तिनं पुन्हा डोळे मिटले.

"उद्या दिवस मावळेपर्यंत उतार पडला नाही, तर बहिणी तिला वैनगंगेवर नेणार आहेत," मावशी म्हणाली. "एवढा प्रवास तिला झेपेल असं मला वाटत नाही. आणि उद्याच माझी चिमूरला मीटिंग! चारशिवाय मी परत येत नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मीटिंगला जा तू," दिव्यानी म्हणाली. "कडू बिया आम्ही शोधतो."

---

सकाळी निघताना आईचा फोन आलाच.

"तलावावर? कशाला तलावावर? रिंकूचा हात सोडू नकोस. टोपी घातली का त्यानं? पिशवी घेतलीस ना?"

"घेतली गं आई!"

ती पिशवी म्हणजे एक गंमतच होती. पाण्याच्या एकेक लिटरच्या दोन बाटल्या, पेला, बँडेज, ओआरएसची दोन पाकिटं, मच्छर पळवायचं मलम, वर जादा मोजे!

"तुई माय तुमाले हिमालयात पाठवून राह्यली का बे?" निकेशनं पिशवी उचलून पाहिली.

"उचल आता गुपचूप," रिंकू म्हणाला.

पाळीवर शेंदूर लावलेला दगड होता. त्याच्या तीन पायऱ्या खाली पाणी होतं. दिव्यानीनं रिंकूला दगडाच्या अलीकडेच थांबवलं. "इथून पुढे पाऊल टाकायचं नाही. हातही लावायचा नाही."

"मग मी काय करू?"

"डोळे आहेत ना? बघ!"

आणि रिंकूलाच दिसलं! पायरीच्या फटीत कागदाच्या भिजलेल्या घड्या अडकल्या होत्या. निकेशनं काडीनं एक ओढून काढली आणि पळसाच्या पानावर ठेवली. घडीवर निळ्या पेनानं एक सूर्य काढला होता आणि त्याच्याशेजारी चंद्र.

दिव्यानी पानावर वाकली. हा सूर्य तिनं रोज पाहिला होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मावशी गोळ्यांच्या पुडीवर सूर्य-चंद्र काढायची. सूर्य सकाळची गोळी, चंद्र रात्रीची.

"कडू बिया म्हणजे गोळ्या!" ती म्हणाली. "मावशीच्याच दवाखान्यातल्या!"

"एक, दोन... अकरा पुड्या आहेत!" रिंकू मोजत होता.

"पण गोळ्या तलावात कोन टाकते?" निकेश म्हणाला आणि त्यानं मान वर केली. पाळीवरून कुणीतरी येत होतं. हातात ताट, डोक्यावर पदर. "बाप्पा! हे तं माही आजी होय!"

गुणाबाई आजी दगडापाशी येऊन टेकली. ताटात लिंबू, लाह्या, हिरव्या बांगड्या आणि तीन पुड्या. तिन्हींवर सूर्य-चंद्र!

"काय रे पोट्टेहो, इथी काय करून राह्यले?"

"आजी, ह्या गोळ्या कायले आनल्या?" निकेशनं विचारलं.

"कायले म्हंजे? मोहल्ल्यात ताप होता ना. आता उतरला. राह्यलेल्या गोळ्या घरी ठेवल्या तं ताप मांगं येते. म्हून सगळ्या बायका माह्यापाशी देते आन मी आसरांले वाह्यते." आजीनं एकेक पुडी दगडावर मांडली. "आसरांनं ताप नेला. त्याईची वस्तू त्याईले!"

"पण मावशी तर सांगते, पाच दिवस पूर्ण घ्यायच्या!" दिव्यानी म्हणाली.

"दोन दिवसात बरं वाटलं तं पाच दिवस कायले खाच्या वो बाई?"

"आजी, त्याच गोळ्यांनी धाकटी आजारी पडलीय!" रिंकूला राहवलं नाही.

आजी खो खो हसली. "आसरांले गोळी लागते का? देव आहे ते!"

मोठ्यांशी भांडायचं नाही, हे दिव्यानीला पक्कं माहीत होतं. पण प्रश्न विचारायला कुणाची बंदी होती?

"आजी, समजा सगळ्या मोहल्ल्याच्या गोळ्या तुम्ही एकटीनंच खाल्ल्या तर?"

"एकटीनं? मराले?"

"आणि कुणी प्रेमानं वाहिल्या, नाकारायची सोयच नसली तर?"

आजीचा हात लाह्यांवरच थांबला.

तेवढ्यात पाणी हललं. चकवा दवाखान्यात घमेल्याची राखण करायला बसला होता, पण वाहिलेलं घ्यायचं काम सात बहिणींत धाकटीचंच, म्हणून वाहण्याची हाक आली की तिला यावंच लागायचं. पाण्यातून एक बारीकसा हात वर आला. पायरीवर टेकला. तिथून दगडाकडे सरकला. पुड्यांकडे!

"नको घेऊ!" रिंकू ओरडला.

"घ्यावंच लागतं," पाण्यातून रडवेला आवाज आला.

हात पुडीपासून वीतभर अंतरावर होता. दिव्यानीनं ताटाकडे पाहिलं. हळदकुंकवाचा करंडा अजून उघडलेलाच नव्हता!

"थांब!" ती किंचाळली. "आजी, तुम्ही अजून हळदकुंकू नाही वाहिलं! म्हणजे हे अजून तुमचंच आहे! उचला, आजी, लवकर उचला!"

आजीनं झडप घालून तिन्ही पुड्या उचलल्या आणि कमरेला खोचल्या. मग तिनं त्या हाताकडे एकटक पाहिलं. लाल चट्टे. काडीसारखी बोटं. हाताच्या मागे पाण्यातून वर आलेला सुकलेला चेहरा.

"व माय!" आजीचा आवाज फाटला. "एवढंसं लेकरू! आन मी याले गोळ्या चारत होती?" ती नातवाकडे वळली. "देव पावला म्हून मीच खुशीत हरिक करत होती रे निकेश!"

"रडू नको, आजी," निकेशनं तिचा खांदा धरला. "आता तूच बरी करशीन तिले."

"मी कशी करू? मी का नर्स आहो?"

"नर्सचं ती घेत नाही!" दिव्यानी पिशवी उपसत होती. मोजे उडाले, मलम उडालं. "तुमचं घेते! तुमच्या घरचं जाळं पडतं ना या तलावात?"

"चार पिढ्यांपासून!"

ओआरएसचं पाकीट सापडलं. दिव्यानीनं ते पाण्याच्या बाटलीत ओतलं, झाकण लावून खूप हलवलं. आजीनं पेला भरून दगडावर ठेवला, करंडा उघडला, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. "घे माय. हे गोड मानून घे."

धाकटीनं पेला घेतला. एक घोट प्याली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "खारट आहे!"

"निवदाला नावं ठेवायची नाहीत," रिंकू अगदी आईच्या आवाजात म्हणाला. "आणि घटाघटा नको. थोडं थोडं!"

धाकटी पहिल्यांदाच हसली.

दर दहा मिनिटांनी एक पेला. पहिली बाटली संपली, दुसरं पाकीट दुसऱ्या बाटलीत गेलं. मध्येच चकवा धापा टाकत आला. "घमेलं रिकामं दिसलं! शोधायला निघालो, पण वाट चुकलो!" कुणी त्याला रागावलं नाही. दुपारपर्यंत उलटी थांबली. ऊन कलायला लागलं तेव्हा धाकटी पायरीवर बसून पाय हलवत होती आणि रिंकूच्या टोपीतून पाणी उडवत होती.

---

सव्वाचारला मावशी बसमधून उतरली ती थेट पाळीवरच आली. तिनं धाकटीची नाडी पाहिली, जीभ पाहिली, अकरा पुड्या पाहिल्या. मग आपल्याच हातानं काढलेल्या सूर्यांवरून बोट फिरवलं.

"गोळ्या दिल्या की माझं काम झालं, असं मला वाटायचं," ती म्हणाली. "पुढे त्या कुठे जातात, हे मीही पाहिलं नाही."

संध्याकाळी पाळीवर अर्धं गाव जमलं. मासेमारांचे म्होरके देवाजीभाऊ यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना पाण्यात फक्त लाटा दिसत होत्या; पण गुणाबाई कधी खोटं बोलत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"आजपासून गोळ्या पाच दिवस पुऱ्या खाच्या," ते म्हणाले. "आन तरी उरल्या तं दवाखान्यात वापस! तलावात नाई!"

"जो टाकन त्याले मी पाह्यतो!" गुणाबाई गरजली. तिच्यासमोर कुणाची बिशाद होती?

देवाजीभाऊंनी तिघांना पुढे बोलावलं. "आमी बुढे झालो या तलावापाशी, पन आमाले नाई दिसलं. तुमाले दिसलं. शाब्बास पोट्टेहो!" त्यांनी तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. रिंकूच्या टोपीतून पाणी निथळून त्यांच्या बाहीत गेलं, तरी ते हसतच राहिले. मागे पाण्यात सहा हिरवी डोकी वर आली. रिंकूनं आपली टोपी धाकटीकडे फेकली आणि बहिणी तिला मधे घेऊन अलगद खाली गेल्या. वैनगंगेकडे नाही, पाळीखालच्या घरी!

मावशीनं रजिस्टर उघडलं. धाकटीच्या नावापुढे तिनं लिहिलं: *उपचार: निवद. देणार: गुणाबाई. मदतनीस: दिव्यानी, रिंकू, निकेश. पेशंट बरी.*

तेवढ्यात फोन वाजला.

"काय गं, कसा गेला दिवस? काही विशेष?"

"काही नाही आई," दिव्यानी म्हणाली. तलावाच्या मध्यावर एक छोटा हात टोपी हलवून तिला टाटा करत होता. "रिंकूची टोपी एका मैत्रिणीकडे राहिली. आणि पिशवीतलं ओआरएस संपलं. जास्तीची पाकिटं पाठवशील?"

पलीकडून आईचा विजयी आवाज आला, "बघ! मी म्हटलं नव्हतं, लागेल म्हणून?"