चिमटा काढू नका

ती कोपऱ्यातली जीप सोडून हवं ते भंगार न्या. तिच्या बॉनेटखालच्या चिमट्याला मात्र हात लावू नका. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, ग्रीसवर होता. म्हणूनच सांगतो, बसा.

गेल्या साली, त्र्याऐंशीच्या श्रावणात, ताम्हिणीच्या कुशाबाची ही जीप भरदुपारी घाटात बंद पडली. मागे त्याची बायको सगुणा बाळंतकळांनी तळमळत होती, सोबत सासू आक्काबाई. पौडला माझ्या गॅरेजात निरोप आला, तसा निघालो. घाटात धुकं असं, की स्वतःचा हात दिसेना. सगळीकडे कुजक्या पाल्याचा वास.

"कालच वडलांचं मढं आणलंया हिच्यातनं," कुशाबा हळूच म्हणाला. "गाडी धुवून नारळ फोडायचा व्हता... ऱ्हायलं."

"नारळानं प्लग पेटत नाहीत," मी खेकसलो.

प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधलं पाणी पुसलं. मग इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर काढलं. एक तार कॉइलला, दुसरी बॉडीला, चिमट्यानं लावली. इंजिन बंद असलं की काटा शून्यावर पडून राहतो. पण तो हलत होता. सावकाश चढायचा, सावकाश उतरायचा.

"किल्ली बंद कर रे!"

"किल्ली माझ्या खिशात हाय, मिस्त्री..."

मी बॅटरी सोडवली. काटा हलतच होता. कॉइलचा चिमटा ओढून काढला.

मागून आक्काबाई किंचाळली, "सगुणे! अरं, हिचा श्वास थांबला!"

चिमटा परत लावला. काटा उठला, आणि सगुणानं मोठ्यानं श्वास ओढला. योगायोग असेल म्हणून मी मेल्यानं पुन्हा काढून पाहिला. पुन्हा तेच... तिसऱ्यांदा छाती झाली नाही.

बॅटरी जोडली, मीटर तसंच बांधलं आणि गाडी पौडला आणली. मुलगा झाला, दोघंही सुखरूप. उशिरानं का होईना, नारळही फोडला. पण कुशाबा गाडी न्यायला आलाच नाही. बॅटरी काढून वर्ष झालं, काटा थांबलेला नाही.

परवा उंदरांनी तार कुरतडली. एकच बारीक धागा उरलाय. शेजारी नवी तार लावायला गेलो, तर काटा खाली बसू लागला. जुनी तशीच सोडली.

बाहेर बाकावर पोर घेऊन बसलीय ना, तीच सगुणा. तिला यातलं काही माहीत नाही. मघाशी आली तेव्हा म्हणाली, "मिस्त्री, परवापासनं उगाच धाप लागतीया बगा."