गोदाची कानभरणी

शौनक आला तेव्हा त्याची भाची ओट्यावर बसून घावनाच्या जाळीतून आईकडे बघत होती. खाण्याचं नाव नव्हतं.

"काय गोदाबाई, मामाला ओळखलंत का?" पिशवी खाली ठेवत त्याने विचारलं.

गोदाने घावन खाली घेतलं, मामाला नखशिखांत न्याहाळलं आणि एका दमात बरंच काही बोलली. तिची आई सानिका खो खो हसायला लागली. शौनक मात्र तसाच उभा राहिला.

"हस की दादा! मागच्या वेळी मामाची दाढी काळी होती, आता तिच्यावर कोणी पीठ सांडलं, असं विचारतेय ती."

"असं म्हणाली?"

"मग काय म्हणाली?"

"तेच तर विचारतोय तुला. मला एक अक्षरही कळलं नाही."

सानिकाला वाटलं, प्रवासाने दादाचं डोकं हललंय. पण शौनक पुण्यात भाषाविज्ञान शिकवायचा आणि बोलण्याच्या बाबतीत तो थट्टा करत नसे. तिचा हात आपोआप कानाकडे गेला. तिथे हरभऱ्याएवढा दुभाष्या नेहमीसारखा बसलेला होता.

वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला समुद्री शेवाळाची शेती सुरू झाली आणि किनाऱ्यावर ही वसाहत उभी राहिली. शेवाळ लावण्यात तरबेज असलेल्या बायका रामेश्वरमकडून आल्या, दोरखंड-तराफेवाले सुंदरबनातून, बोटी चालवणारे ओडिशातून, वाळवणीवाले आंध्रातून. हिशेब आणि देखरेख बरीचशी आपल्या लोकांकडे. सानिकाचा नवरा महिना-महिना दूरच्या तराफ्यांवर कामाला असायचा आणि ती स्वतः शेवाळाच्या प्रयोगशाळेत काम करायची. एवढ्या भाषांची खिचडी शिजली ती दुभाष्याच्या जोरावर. समोरचा कोणत्याही भाषेत बोलो, तुमच्या कानात तुमचीच भाषा येणार, तीसुद्धा जणू त्या माणसाच्याच आवाजात. लोक तो कानात घालून झोपत, उठत, भांडत. शौनकने मात्र तो कधी वापरला नाही. कानात यंत्र घालून भाषा ऐकणं म्हणजे हातमोजे घालून पुरणपोळी खाणं, असं त्याचं मत होतं.

मुलांना दुभाष्या पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळे. सुरुवातीच्या काळात एका पोराने तो शेंगदाणा समजून गिळला होता, तेव्हापासूनचा हा नियम. पाचव्या वाढदिवशी मुलाला मामाच्या मांडीवर बसवायचं, बालवाडीच्या ताईने दुभाष्या घालायचा आणि मग जेवणावळ, अशी रीतच पडून गेली. मामाची मांडी आपल्याकडून घेतली, पायसम तमिळ मंडळींकडून, शंखनाद बंगाल्यांकडून. या समारंभाला कानभरणी म्हणत. कान भरणे म्हणजे काय हे नाव ठेवणाऱ्याला माहीत नसावं. रविवारी गोदाची कानभरणी होती आणि शौनक त्यासाठीच मांडी घेऊन आला होता.

"काढ तो जरा," शौनक म्हणाला.

सानिकाने दुभाष्या काढून तळहातावर ठेवला. कान उघडा पडला तशी समुद्राची गाज एकदम जवळ आली.

"गोदा, मगाशी मामाला काय म्हणालीस? परत बोल ना."

गोदाने आईच्या रिकाम्या कानाकडे पाहिलं. ती ओट्यावरून उतरली, आईच्या हातातला दुभाष्या उचलला आणि टाचा उंचावून तो तिच्या कानात बसवायला लागली. "आई, ए पोडू," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "नी शुनबे ना."

त्यातला 'आई' एवढाच शब्द सानिकाचा होता. आणि तो आवाज! दुभाष्यातली गोदा घंटीसारखी बोलायची. ही गोदा घोगरी होती, थेट सानिकाच्या आईसारखी. यंत्राने आवाज घासूनपुसून गुळगुळीत केला होता आणि आपल्या मुलीचा खरा आवाज तिने आजवर ऐकलाच नव्हता. सानिकाला रडूच कोसळलं.

"पोडू म्हणजे घाल, हे तमिळ," शौनक हळूच म्हणाला. "शुनबे बंगाली. हे घाल, नाहीतर तुला ऐकू येणार नाही, असं म्हणतेय."

"पण मी तर तिच्याशी मराठीतच बोलते रे!"

"आणि तिला ते सगळं समजतं. पण तिला मराठी बोलायची गरजच कधी पडली नाही. ती काहीही बोलली तरी तुला मराठीच ऐकू येत होतं."

दुपारी दोघं बालवाडीत गेली. तिथली मीनाक्षीताई तमिळमध्ये गोष्ट सांगत होती, मावशी ओडियात रागवत होती आणि पोरं भलत्याच तिसऱ्या भाषेत कलकलाट करत होती. शौनकने खिशातून बटाटा काढला, त्याला चार काड्या टोचल्या आणि म्हणाला, "हा टिबू." पोरं खूश झाली. मग त्याने तसाच आणखी एक काढून शेजारी ठेवला आणि बोटाने दोन्हींकडे दाखवलं.

"टिबूगुल!" सगळी एकसुरात ओरडली. मीनाक्षीचा मुलगा इनियन सगळ्यात मोठ्याने.

शौनकचे डोळे चमकले. "टिबू हा शब्द मी वाटेत येताना बनवला. तो यांना कोणी शिकवलेला नाही. तरी एकाहून जास्त झाल्यावर शेपूट कोणतं लावायचं, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. ही बोबडी खिचडी नव्हे सानिका, ही भाषा आहे. नियमांसकट."

"पण ती आली कुठून?"

"यांनीच केली. वेगवेगळ्या भाषांची मोठी माणसं एकत्र आली की मोडकंतोडकं बोलून वेळ भागवतात. आम्ही त्याला कामचलाऊ बोली म्हणतो. मोठी माणसं तिथेच थांबतात. लहान मुलं थांबत नाहीत. मूल नुसते शब्द गोळा करत नाही, ते त्यामागचे नियम हुडकतं आणि नियम सापडले नाहीत तर स्वतः घालून मोकळं होतं. तुम्हा सगळ्यांना दुभाष्या होता, म्हणून तुम्हाला कामचलाऊ बोलीचीही गरज पडली नाही. यांना नव्हता. यांच्या पदरात पाच भाषांचे तुकडे पडले, त्यातून यांनी आख्खं घर बांधलं."

"आणि माझ्या दुभाष्याला ती भाषा कोणी शिकवली?"

"तोही मुलासारखाच शिकतो. गोदा काहीतरी म्हणते, तू पेला देतेस, त्याने अर्थ लावला. रोज थोडा थोडा. तुला सांगायचं मात्र त्याला सुचलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस."

घरी परतताना शौनक हवेत होता. फाटकापाशी येऊन सानिका थांबली.

"रविवारी काय करायचं?"

"दुभाष्या बसला की तिच्याही कानात सगळी मराठी येणार. मग ही भाषा बोलण्याची गरज संपली. गरज संपली की भाषा दुधाच्या दातासारखी पडते. थोडे दिवस थांबलीस तर..."

"तुला तुझा अभ्यास हवाय दादा!" सानिका भडकली. "शाळेत एक बाई बंगाली, दुसरी तेलुगू. दुभाष्या नसेल तर ही तिथे माशा मारत बसेल. उद्या माझी पोर मागे पडली तर तू येणार आहेस का निस्तरायला?"

ती चुकीचं बोलत नव्हती. शौनकने पुढे होऊन फाटक उघडलं.

त्या संध्याकाळी मात्र सानिकाने दुभाष्या काढून डबीत ठेवला. आधी गोदा वैतागली. दोनदा सांगूनही आईला कळेना, तेव्हा तिने पाय आपटले आणि आईसाठी आणलेली फणी फेकून दिली. मग तिला यात गंमत वाटू लागली. ती आईला पाटावर बसवायची आणि एकेक वस्तू नाकासमोर धरायची. आवाज चढा, शब्द लांबवलेले, प्रत्येक वाक्य दोन-तीनदा. आईने बरोबर म्हटलं की टाळ्या पिटायच्या, चुकलं की रागवायचं नाही, तेच वाक्य नीट करून परत द्यायचं.

शौनक दारात उभा राहून हसत होता. "आठवतं का? ही पाळण्यात असताना तू अगदी अशीच बोलायचीस. आम्ही त्याला लाडबोली म्हणतो. जगातल्या बहुतेक आया बाळाशी तसं बोलतात. आता ती तुझ्याशी बोलतेय."

"म्हणजे मी बाळ?"

"तान्हं."

सानिका हसली, पण आतून तिला धास्ती वाटत होती. इतकी वर्षं आपण आईपणा केला तो एका यंत्राच्या भरवशावर. ही लेक दिवसभर मनातलं कायकाय सांगत असेल आणि त्यातलं यंत्राला जे उमगलं तेवढंच आपल्यापर्यंत आलं. बाकीचं कुठे गेलं? तिला ते बाकीचं हवं होतं.

रविवारी बालवाडीच्या अंगणात मांडव पडला. पायसमचा वास सुटला होता. गोदा नवा परकर-पोलका घालून मामाच्या मांडीवर बसली. मीनाक्षी चांदीच्या वाटीत दुभाष्या घेऊन पुढे आली. सानिकाने स्वतःचा दुभाष्या कानात घातला, कारण हे बोलणं नीट व्हायला हवं होतं.

"मीनाक्षी, आज नको."

"मुहूर्त चुकला का?" मीनाक्षीने विचारलं.

"नाही. शाळेचा प्रवेश दिवाळीनंतरही मिळतो, मी विचारून आलेय. तोवर मला हिची भाषा शिकायची आहे. ती आली की मग हिच्या कानात काय घालायचं ते हिला विचारून घालीन." मग तिने आवाज खाली आणला. "तू इनियनचं बोलणं कधी ऐकलंयस? दुभाष्या काढून?"

मीनाक्षीने भुवया उंचावल्या. इनियन माझ्याशी तमिळच बोलतो, असं ती म्हणाली. मग सानिकाच्या चेहऱ्याकडे पाहत तिने एका हाताने आपला दुभाष्या काढला आणि मुलाला हाक मारली. इनियन धावत आला आणि पायसमबद्दल काहीतरी तावातावाने सांगू लागला. मीनाक्षी वाटी बाजूला ठेवून त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

मांडवात कुजबुज झाली. एकाने काढला म्हणून दुसऱ्याने काढला, कोणी कुतूहलाने, कोणी चेष्टेने. थोड्याच वेळात पाच भाषांचा असा काही गोंगाट उठला की शंख वाजवणाऱ्याने घाबरून शंख वाजवला. कोणालाच कोणाचं कळेना. मोठी माणसं हातवारे करत होती, हसत होती, एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. पोरं मात्र निवांत होती. त्यांच्या दृष्टीने मोठ्यांना आत्ता कुठे बोल फुटत होते. सानिकानेही आपला दुभाष्या काढून कमरेला खोचला.

गोदा मामाच्या मांडीवरून उतरली. तिने इनियनच्या कानात काहीतरी सांगितलं, त्याने जोरात मान हलवली, आणि दोघं सानिकासमोर येऊन उभी राहिली. मग गोदा बोलू लागली. घोगऱ्या आवाजात, हात नाचवत, चांगलं लांबलचक. सानिकाने जिवाचा कान केला. तिला 'आई' कळलं, 'समुद्र' कळला आणि शेवटी चढलेला प्रश्नाचा सूर कळला. मधलं सगळं डोक्यावरून गेलं. कमरेचा दुभाष्या हाताशीच होता. तिने तो काढला नाही.

"हो," ती म्हणाली.

अंगणभर आरोळी उठली. सगळी पोरं चपला शोधायला धावली, मीनाक्षीचा पदर इनियनच्या मुठीत आला आणि गोदा आईचं बोट धरून तिला फाटकाकडे ओढू लागली. सानिका साडी सावरत, हसत तिच्यामागे निघाली आणि जाता जाता मागे वळून ओरडली, "दादा, अरे, मी कशाला हो म्हटलं?"