रेवणप्पांची खुर्ची

बसा असे जवळ. हे मला धोंडीराम मास्तरांनी स्वतः सांगितलं, आणि तो माणूस चेष्टेतसुद्धा खोटं बोलायचा नाही.

मास्तर मूळ करकंबचे. सोलापुरात एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि आमच्या शुक्रवार पेठेत एका खोलीत एकटे राहायचे. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, पुन्हा लग्न केलं नाही. त्याच शाळेत रेवणप्पा नावाचे ग्रंथपाल होते. अक्कलकोटकडचे, बोलण्यात निम्मं कानडी. त्यांनाही मागंपुढं कोणी नव्हतं. मधल्या सुट्टीत पोरं मैदान सोडून त्यांच्या खुर्चीभोवती जमायची. एकतीस सालच्या उन्हाळ्यात ते तापानं गेले. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवूनच माती दिली. मास्तर स्वतः गेले होते.

शाळेच्या कमिटीनं त्यांच्या जागी माणूस नेमलाच नाही. पुस्तकांना राखायला पगारी माणूस कशाला, असं म्हणून वाचनालयाची किल्ली मास्तरांकडं दिली. मास्तरांना शिकवण्यातनं सवड कुठली? खोली बंद पडली. पोरं थोडे दिवस दाराशी घुटमळली, मग यायची थांबली.

पुढच्या वर्षीची कार्तिकातली अमावास्या. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर यायचे होते. वाचनालयातला मोठा ॲटलास काढून ठेवा, असा हेडमास्तरांचा निरोप आला. मास्तर जेवले आणि कंदील घेऊन निघाले. गल्लीतल्या मागांची खटखट थांबली होती. शाळेच्या आवारात कुत्रंसुद्धा नव्हतं.

कुलूप गंजलेलं. जोर लावून उघडलं. आत गेले.

खिडकीपाशी, पाठमोरं, खुर्चीत कोणीतरी बसलं होतं.

मास्तरांना आधी वाटलं, पहारेकरी असेल. मग ध्यानात आलं... कुलूप तर आत्ता आपणच काढलं.

"बर्री, या मास्तर," आवाज आला. "बसा की. लई दिवसांनी आलात."

आवाज ओळखीचा होता. रेवणप्पांचा.

"पोरं येत न्हाईत आता?"

"न्हाईत," मास्तर कसंबसं बोलले.

"पुस्तकं कोण देतंय त्यांना?"

"...कोणी न्हाई."

कंदिलाची ज्योत हलेना. मास्तरांना श्वास ऐकू येत होता. एकाचाच. स्वतःचा.

"मला जायचंय हो," मागं न वळताच रेवणप्पा म्हणाले. "कवाचं जायचंय. पण खोली कुणावर टाकून जाऊ?"

मास्तर मला म्हणायचे, भीती तिथंच संपली. त्या आवाजात राग नव्हता. रोज रात्री आपल्या रिकाम्या खोलीचं दार ढकलताना त्यांना स्वतःला जे वाटायचं, तेच त्यात होतं.

"मी बसतो," मास्तर म्हणाले. "तुमी जावा."

खुर्ची करकरली... मागं सरली... कोणीतरी अगदी जवळनं गेलं. गार. आणि मग...

मग काही नाही.

मास्तर त्या खुर्चीत जाऊन बसले. शब्द दिला होता. सकाळी हेडमास्तर आले तेव्हाही बसलेलेच होते.

त्या दिवसापासून शाळा सुटली की मास्तर वाचनालय उघडायचे. कमिटीकडं माणूस मागितला, वर्षानुवर्षं मागितला; मिळाला नाही. मग बिनपगारी स्वतःच बसले. सुरुवातीला एकटेच, कंदील लावून. पुढं एक पोरगं आलं, मग दुसरं. मीही त्यांतलाच. सुट्टीतसुद्धा मास्तर गावाकडं जायचे नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायचे, माझ्या जागी बसायला कोण हाय?

तुम्ही म्हणाल, भास झाला असेल. एकटा माणूस, त्यात अमावास्येची रात्र. मीही तसंच म्हटलं असतं. पण त्या सकाळी इन्स्पेक्टरांनी ॲटलास उघडला आणि आतनं कडुनिंबाचं पान पडलं. कसर लागू नये म्हणून पुस्तकांत पाला घालतात, तो जुना वाळका निघाला असता तर कोणी बघितलंही नसतं. हेडमास्तरांनी दुसरं पुस्तक उघडलं. तिसरं. मग कपाटातली सगळीच. प्रत्येकात पान.

थंडीचे दिवस ते. आणि पान कोवळं, तांबूस... चैत्रात फुटतं तसलं.

देठ अजून ओला.