माझ्या मागचा माणूस

डाव्या बुटाचा तळ दुसऱ्याच किलोमीटरला सुटला आणि मी मटकन खाली बसले.

“पाय मुरगळला का?” मागून आवाज आला.

“नाही… बूट… आजोबांचा…” एवढंच बोलले आणि चक्क भोकाड पसरलं. सत्तावीस वर्षांच्या बाईने, अनोळखी माणसासमोर!

हॉस्पिटलच्या ज्या वॉर्डात आजोबा शेवटचे महिने होते, त्याच्यासाठी निधी जमवायला ही डोंगरचढाई होती. ‘माझ्या बुटांना एकदा वर ने गं,’ त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. वर्षभर दर रविवारी मी बुटांना पॉलिश केलं, पण एकदाही घालून चालले नाही. पडून राहिलेल्या बुटांचे तळ असे सुटतात, हे सांगायला आजोबाच हवे होते. ते दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं मला.

“दोन वाजता वरची वाट बंद होते,” तो बॅगेतून बँडेज काढत म्हणाला. “उठायचं ना?”

“तुम्ही व्हा पुढे.”

“नाही होता येत. मी शेवटचा स्वयंसेवक. सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणालाही ओलांडायचं नाही.” त्याने तळ घट्ट बांधला. “काळजी करू नका, दातांचा डॉक्टर आहे. सुटलेलं बसवणं हाच माझा धंदा.”

रडता रडता हसू आलं… मेला!

बँडेज तासभर टिकलं; तेवढ्यात मी त्याला आजोबांचं आणि बुटांचं सगळं सांगून टाकलं. मग उजवा तळही गेला. त्याने बॅगेतून स्वतःचे जादा कॅनव्हासचे बूट काढून माझ्यासमोर ठेवले. आजोबांच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि जोडी आपल्या गळ्यात अडकवली.

“आजोबा माझ्याकडे. तुम्ही फक्त चालायचं.”

मी चालले. मागून त्याचा आवाज येत राहिला – आजोबा चिडायचे का, पत्त्यांत लबाडी करायचे का… दोन्ही करायचे, मी सांगितलं. वर्षभर घरात कुणी त्यांचा विषय काढत नव्हतं. मला रडू येईल म्हणून. हा मात्र विचारतच होता, आणि मला कितीतरी हलकं वाटत होतं.

दोनला सात मिनिटं कमी असताना माथा दिसला. मी वळले. तो दोन पावलं मागे थांबलेला, घामाघूम, गळ्यात बूट.

“ये ना,” मी म्हणाले. सकाळपासूनचं ‘तुम्ही’ कुठे गेलं कोण जाणे!

“ओलांडायचं नाही… नियम आहे.”

“आणि शेजारून चालायचं नाही, असाही आहे का?”

त्याने जरा विचार केल्यासारखं दाखवलं. “नाही… तसा नाहीये.”

मी हात पुढे केला. त्याने तो धरला, आणि आजोबांचे बूट आम्ही दोघांनी मिळून वर नेले.

“उतरताना हळू चाल हं,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “खालची वाट बंद होत नाही… आणि मला अजिबात घाई नाहीये.”

“मलाही,” मी म्हणाले. हात सोडवून घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही.