दगडावरची कोरी ओळ

उन्हाचा कवडसा कुठून सोडावा, याचेही एक शास्त्र असते. जुन्या दफनभूमीतील दगडांवर ऊन समोरून पडले की झिजलेली अक्षरे लाजून आत लपतात. परंतु आरशाने तीच किरणे कडेने, तिरपी सोडली, तर तीनशे वर्षांची झीज ओलांडून ती एकेक उभी राहतात. टॅबिथा थर्लो हे शास्त्र आपल्या आजोबांजवळ शिकली होती. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील त्या लहानशा गावात ऑक्टोबरची सकाळ उजळली होती, मेपलची तांबडी पाने दवाने ओली होती, आणि गवतात गुडघे टेकून, हातभर लांबीचा आरसा तिरका धरून ती एका काळ्या दगडाची मनधरणी करीत होती. एवढ्यात तिचा हात किंचित हलला...

“अहो, काय हे! डोळे गेले ना माझे!”

कवडसा कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारणाऱ्या एका तरुणाच्या मुखावर जाऊन आदळला होता. त्याचा तोल गेला, आणि हातातला, सफरचंदाच्या रसात मळलेला गरमागरम डोनट ओल्या गवतात गडगडत गेला.

“माफ करा हं... मी दगड वाचत होते.”

“आणि मीही दगडच वाटलो?”

टॅबिथाच्या गालांवर मेपलची लाली आली. “तुमचा डोनट पडला... मी दुसरा घेऊन देईन.”

“बघा हं, दगडांच्या साक्षीने बोलताय. हे लोक काही विसरत नाहीत.” तो हसला. त्याच्या कानावर पेन्सिल होती, नखांत करडी धूळ होती, आणि डोळे — दिपलेले असूनही — तिच्यावरून हलत नव्हते. “मी अ‍ॅन्सेल डोन. थर्लो घराण्यातलं कुणी भेटेल का इथे? त्यांच्या मूळ जोडप्याचा दगड मी कोरतोय.”

“भेटलं की. आत्ताच तुमचे डोळे दिपवले तिने.”

ते मूळ जोडपे म्हणजे जाइल्स थर्लो आणि त्याची पत्नी मार्जरी. १६३५ च्या एप्रिलमध्ये लंडनहून निघालेल्या जहाजाच्या यादीत ती दोघे ‘पती-पत्नी’ म्हणून नोंदलेली होती. त्याआधीचा त्यांचा मागमूस नव्हता. इंग्लंडमधील कोणत्या गावच्या मातीतून हे बीज आले, हे त्यांच्या सहस्रावधी वंशजांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. टॅबिथाचे आजोबा लेम्युएल थर्लो, वय वर्षे शहाऐंशी, यांनी त्या शोधात चाळीस वर्षे वेचली होती. आता त्यांची दृष्टी मंदावली होती. पुढच्या आठवड्यातील शनिवारी सारे वंशज जमणार होते, आणि दोघांच्या हरवलेल्या कबरींऐवजी नवा दगड उभा राहणार होता. नावे कोरून झाली होती, जहाजाचे वर्ष कोरून झाले होते. गावाच्या नावाची एक ओळ तेवढी कोरी होती.

“पुढच्या गुरुवारी दुपारपर्यंत गाव सांगा,” अ‍ॅन्सेल म्हणाला. “नाहीतर ती जागा तशीच राहील. शनिवारी दगड उभा केला की मी रात्रीच्या आत व्हर्माँटला निघणार. सगळा हिवाळा तिकडच्या खाणीवर काम आहे.”

टॅबिथाने आरसा उराशी धरला. “आजोबांनी आयुष्य घातलंय हो यात. त्यांनी तिथे उभं राहून मोकळ्या जागेवर बोटं फिरवायची? नाही... ती ओळ भरायलाच हवी.”

त्यानंतर अ‍ॅन्सेलच्या शंकांना भरती आली. अक्षरे किती उंच? स्वल्पविराम हवा की नको? मार्जरीच्या नावाभोवती वेल काढावी काय? एकेका शंकेसाठी तो आजोबांच्या घरी येई, आणि उत्तर मिळाल्यावरही दोन-दोन तास बसे. जेवणाच्या मेजावर करड्या खोक्यांची तटबंदी होती. तिच्या एका अंगाला टॅबिथा चिठ्ठ्या वाची, दुसऱ्या अंगाला तो पेन्सिलला टोक काढी. टोक केव्हाच निघालेले असे.

“या गावात म्हणे सगळेच एकमेकांचे चुलत-मावस,” एके दिवशी त्याने सहज विचारले. “आपणही कुठेतरी भाऊ-बहीण निघायचो...”

“नाही निघत. तुझ्या आईकडून सात पिढ्या, वडिलांकडून नऊ. कुठेही गाठ नाही.”

“म्हणजे... तू शोधलंस?”

टॅबिथा चिठ्ठीत डोके घालून म्हणाली, “सवय असते आम्हाला.”

“केव्हा शोधलंस पण?”

“सोमवारी.”

“भेटलो त्याच दिवशी?”

“दुपारी. आधी जेवले!”

खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले आजोबा खोकले. “टॅबी, माझ्या कामासाठी तुला दोन पिढ्या शोधायला महिना लागतो. याच्या सोळा पिढ्या एका दुपारी झाल्या होय?”

अ‍ॅन्सेलची पेन्सिल मोडली. त्या दिवशी मात्र त्याला खरोखरच टोक काढावे लागले.

दफनभूमीतील कित्येक जुने दगड फुटले होते, आणि ते सांधण्यासाठी गावाला कारागीर हवा होता. गावाने अ‍ॅन्सेलला विचारलेही होते. त्याने अजून होकार दिला नव्हता, नकारही नव्हता. टॅबिथाने त्याविषयी विचारले नाही. विचारावे, असे तिच्या मनात दिवसातून वीस वेळा येई. ओठांपर्यंत येऊन तो प्रश्न माघारी वळे.

मंगळवार उजाडला. हातात दोन दिवस उरले होते. ती दोघे पुन्हा दफनभूमीत आली — त्याला जुन्या अक्षरांचे वळण पाहायचे होते, निदान तो तसे म्हणाला. जाइल्सच्या नातवाच्या दगडावर तिने कवडसा सोडला.

“हे काय?” अ‍ॅन्सेल वाकला. “फेब्रुवारी, सोळाशे अठ्ठ्याण्णव... आणि शेवटच्या आकड्याखाली रेघ मारून नऊ? एका माणसाला दोन मृत्युवर्षं? कारागिराचा हात चुकला वाटतं. असला सराव आम्ही जमिनीखाली जाणाऱ्या भागावर करतो.”

“जमिनीखाली?”

“हो, जुन्या लोकांची रीत आहे. तळचा हातभर भाग मातीत जातो ना, तिथे अक्षरं गिरवून हात बसवायचा. कुणी बघत नाही. पण हे तर वर आहे!”

“चूक नाही ती.” टॅबिथा हसली. जसे चैत्र लागल्याविना आपले वर्ष पालटत नाही, तसेच त्या काळी तिथले वर्ष मार्चच्या पंचवीस तारखेला पालटत असे. जानेवारी आणि फेब्रुवारी हे सरत्या वर्षाचे शेवटचे महिने. “त्यांच्या हिशेबाने अठ्ठ्याण्णव, आपल्या हिशेबाने नव्व्याण्णव. म्हणून शहाणे लोक दोन्ही लिहायचे. आजोबा तर जुनी फेब्रुवारी दिसली की झोपेतही एक वर्ष वाढवतात.”

अ‍ॅन्सेलने दगडावरील त्या रेघेवरून बोट फिरवले. “आणि लिहिणाऱ्याने आधीच वाढवलेलं असलं तर?”

“म्हणजे?”

“म्हणजे... रेघ न मारता, गुपचूप. मग वाचणारा पुन्हा वाढवणार.”

आरसा टॅबिथाच्या हातून गवतात पडला. ती वळली आणि धावत सुटली — मागे अ‍ॅन्सेल, त्याच्यामागे वाऱ्याने उडणारी पाने!

चौथ्या खोक्याच्या तळाशी तांबड्या शाईने फुली मारलेली एक चिठ्ठी होती. दीडशे वर्षांपूर्वी कुणा हौशी गृहस्थाने इंग्लंडच्या सफोक परगण्यातील नोंदींची एक यादी छापली होती. तिच्यात हॉक्सम गावी जाइल्स थर्लो आणि कुणी मार्जरी यांचा विवाह होता, ९ फेब्रुवारी १६३५. वधूचे माहेरचे नाव छापलेले नव्हते. खाली आजोबांच्या सुबक अक्षरात: ‘आपल्या गणनेने १६३६. जहाज एप्रिल १६३५. हे जोडपे निराळे. बाद.’ एकदा बाद केलेल्या चिठ्ठीकडे पुन्हा पाहावयाचे नाही, ही त्यांची शिस्त होती.

“मूळ वही बघायला हवी,” टॅबिथाचा श्वास पुरत नव्हता. “छापलेली यादी नाही... मूळ पान!” तिने सफोकच्या अभिलेखागाराला ईमेलने पत्र धाडले. त्यात ‘तातडीचे’ हा शब्द तीनदा आला; अ‍ॅन्सेलने एक काढायला लावला.

बुधवारी सकाळी उत्तर आले. संगणकाच्या पडद्यावर पिवळसर पान उलगडले. माथ्यावर वर्ष होते — १६३४. जानेवारीतील एक दफन; त्याखाली ९ फेब्रुवारी, जाइल्स थर्लो आणि मार्जरी पेल; आणि आणखी चार ओळींनंतर, मार्चच्या पंचवीस तारखेला, नव्या वर्षाचा मथळा — १६३५. म्हणजे यादी छापणाऱ्याने एक वर्ष आधीच वाढवले होते, आणि आजोबांनी ते पुन्हा वाढवले.

“पेल!” टॅबिथा किंचाळली. “अ‍ॅन्सेल, पेल! जाइल्सच्या मृत्युपत्रात आहे, ‘माझ्या पत्नीचा बंधू टोबायस पेल’... चाळीस वर्षं कुणाला कळत नव्हतं हा टोबायस कोण ते! तेच आहेत! लग्न झालं, आणि नऊ आठवड्यांनी जहाजात बसले!”

तिने त्याचे दोन्ही हात धरले होते. ते केव्हा धरले, हे दोघांच्याही ध्यानात नव्हते. ध्यानात आले तेव्हा कुणीच सोडले नाहीत.

मग अकस्मात तिचा चेहरा उतरला. “पण आजोबांना सांगू कसं? गाव त्यांच्या हातात आलं होतं... त्यांनीच फुली मारली. चाळीस वर्षं, अ‍ॅन्सेल. सांगते की नवीनच नोंद मिळाली.”

त्याने मान हलवली. “दगडात हात घसरला ना, तर ते लपवता येत नाही. बुजवलं की पहिल्याच थंडीत उखडतं. मग आजूबाजूचं सगळंच तेवढं खोल न्यायचं. जास्त मेहनत पडते... पण अक्षर उलट उठून दिसतं.”

तिने सारे सांगितले. जसेच्या तसे, फुलीसह.

आजोबांनी ती चिठ्ठी मागून घेतली आणि न दिसणाऱ्या तांबड्या शाईवरून अंगठा फिरवला.

“म्हणजे मी त्यांना चाळीस वर्षं दारात उभं केलं,” ते हळूच म्हणाले. “आणि जगभर शोधत फिरलो.” त्यांचे ओठ थरथरले; वाटले, आता रडू फुटेल. फुटले ते हसू — डोळ्यांतून पाणी काढणारे, खुर्ची हलवणारे. “अरे, फार शहाणपणा नडला रे! एखादा अडाणी असता तर पहिल्याच दिवशी सापडली असती! पेल... मार्जरी पेल. काय सुरेख नाव आहे माहेरचं. आणि तू रे, कोरक्या, इथे काय बसलास? उद्या दुपारची मुदत तुझी की माझी? पळ!”

शनिवारी सकाळी लोक येण्यापूर्वी दगड खड्ड्यापाशी फळ्यांवर आडवा होता. ‘सफोकमधील हॉक्समचे’ — ओळ भरली होती, आणि मार्जरीच्या नावापुढे पेल हे नाव वेलीच्या कुशीत बसले होते. दूर भिंतीपाशी आजोबा खुर्चीत बसले होते.

“आरसा आणलास?” अ‍ॅन्सेलने विचारले. “तळाकडे धर. जो भाग मातीत जाणार... तिकडे.”

टॅबिथाने कवडसा तिरपा सोडला. करड्या दगडातून अक्षरे उठू लागली. टॅबिथा. पुन्हा टॅबिथा — थोडे अधिक रेखीव. तिसऱ्यांदा टॅबिथा, जणू छापल्यासारखे.

“हात बसवत होतो,” तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

“माझ्या नावावर?”

“दुसरं कुठलं सुचेना... खाली बघ अजून.”

तिने आरसा कलता केला. खाली बारीक अक्षरांत दोनच शब्द होते: ‘थांबू का?’ आणि त्याखाली, नीट आखून घेतलेली, एक कोरी ओळ.

“गावाला मी अजून काही कळवलं नाही,” तो भराभर बोलू लागला. “व्हर्माँटला दुसरा माणूस मिळेल... पण तू म्हणालीस तरच. नाही म्हणालीस तर मातीखाली जाईल, कुणाला कळणार नाही. आणि हे बघ, नऊ आठवडे तर सोड, आपल्याला बाराच दिवस—”

“छिन्नी दे.”

“अगं, पण...”

“दे म्हणते ना! आयुष्यभर दुसऱ्यांचं कोरलेलं वाचत आलेय. एकदा तरी लिहू दे.”

त्याने छिन्नी तिच्या मुठीत दिली, मुठीवर आपली मूठ ठेवली. दगडाची धूळ उडाली. तिला पावसानंतरच्या रस्त्यासारखा वास होता. लाकडी मोगरी पडत राहिली... टक्... टक्... आणि कोऱ्या ओळीत एक वाकडेतिकडे, डुगडुगते ‘हो’ उमटले.

“घसरलं रे, शेवटी!”

“राहू दे,” तो म्हणाला, आणि त्याचे कपाळ तिच्या कपाळाला टेकले. “सगळंच तेवढं खोल नेऊ.”

लोक जमले. दगड उभा राहिला, तळाशी माती पडली, टाळ्या वाजल्या. मग आजोबा काठी टेकीत पुढे आले, आणि त्यांची कृश बोटे अक्षर-अक्षर चाचपत गेली — जाइल्स... मार्जरी... हॉक्सम. तिथे ती बराच वेळ थांबली. नंतर ती आणखी खाली, पार गवतापर्यंत उतरली आणि ताज्या मातीवर स्थिरावली.

“काय रे, इथे खाली कशावर हात बसवलास?”

“काही नाही, आजोबा... असंच. एक नाव.”

“हं.” म्हाताऱ्याच्या मिशीखाली हसू दडेना. “टॅबी, आजच्या तारखेची चिठ्ठी कर, खोक्यात ठेव. आणि वर्ष नीट लिही, पोरी. पुढे कुणी ते दुरुस्त करता कामा नये.”